पडवीतल्या संगणकावर स्कर्मियॉनचा आंदोलक : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

रत्नागिरीच्या मांडवीवर साधा लोहचुंबक कागदात गुंडाळून काळ्या वाळूतून फिरवला, की दोन मिनिटांत त्याला मिशा फुटतात. वाळूतल्या मॅग्नेटाइटच्या कणांच्या. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला चुंबकत्व शिकवताना मी तिथूनच सुरुवात करतो. आणि दर वर्षी कुणीतरी वर्गानंतर थांबून विचारतं, "सर, यात पुढे काही करायचं तर मुंबई गाठायलाच हवी ना?"

उपकरण बनवायचं असेल तर हो. पण नॅनो आकाराचा चुंबकी आंदोलक चालतो कसा हे समजून घेणं, तो संगणकावर चालवून बघणं, त्यातून स्वतःचा प्रश्न काढणं, हे गुहागरच्या पडवीत बसूनही होतं. मी केलं आहे आणि माझे विद्यार्थी करत आहेत. त्यांच्यासाठी काढलेली टिपणं इथे जरा सविस्तर मांडतो. बीएस्सीचं भौतिकशास्त्र, थोडं पायथन आणि चिकाटी एवढी शिदोरी पुरे.

आधी वस्तू काय आहे ते

देवळात शंख फुंकणाऱ्याकडे नीट बघा. तो श्वास एकसारखा सोडतो, बाहेर मात्र सूर येतो. आत जाणाऱ्या हवेत कंपन नसतं. ओठ आणि शंखातली पोकळी मिळून ते तयार करतात. फुंकर हलकी असेल तर नुसता फुस्स आवाज येतो, एका मर्यादेपुढे सूर धरतो आणि फार जोर लावला तर तो फाटतो. हे तिन्ही टप्पे लक्षात ठेवा, पुढे जसेच्या तसे भेटणार आहेत.

स्पिन-टॉर्क नॅनो-आंदोलकात एकसारखा डीसी प्रवाह आत जातो आणि मेगाहर्ट्झ ते गिगाहर्ट्झमधला विद्युतसंकेत बाहेर येतो. रचना म्हणजे काही दहा ते काही शे नॅनोमीटर रुंदीचा एक खांब. त्यात दोन चुंबकी थर असतात आणि मध्ये तांब्यासारख्या धातूचा किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडचा पातळ थर. एका चुंबकी थराची दिशा पक्की केलेली असते, दुसरा मोकळा असतो. पक्क्या थरातून जाताना इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका दिशेला वळतात आणि मोकळ्या थरात शिरले की आपला कोनीय संवेग त्याला देतात. हाच स्पिन-ट्रान्सफर टॉर्क. जॉन स्लोन्झेव्स्की आणि लुक बर्जे यांनी १९९६ मध्ये स्वतंत्रपणे तो मांडला आणि २००३ पर्यंत कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने अशा खांबातून येणारे मायक्रोवेव्ह संकेत मोजून दाखवले. मोकळा थर डोलला की दोन थरांमधला कोन बदलतो, त्याबरोबर रोध बदलतो आणि स्थिर प्रवाहावर व्होल्टेज डोलू लागतं. मधला थर धातूचा असताना होणाऱ्या रोधाच्या या बदलाचा म्हणजे जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्सचा शोध १९८८ चा. त्याबद्दल अल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना २००७ चं नोबेल मिळालं.

यात ना गुंडाळी, ना कपॅसिटर. प्रवाह कमी-जास्त केला की वारंवारता बदलते. म्हणून लोक याच्या मागे आहेत.

अडचण अशी, की सगळा मोकळा थर एकसंध डोलवायचा म्हटला तर कडांपाशी त्याची चाल बिघडते, एकात एक अनेक कंपनं मिसळतात आणि सूर फिसकटतो. त्यावरचा एक उपाय म्हणजे थरात चुंबकनाचा एखादा गुंफलेला आकार बसवायचा आणि तो आकारच फिरवायचा. याला मी चुंबकी पोत म्हणतो. कापडाचा पोत असतो तसा हा चुंबकनाचा.

पोतांची ओळख फणसावरून

स्कर्मियॉन हा असाच एक पोत. तो समजावताना परदेशी व्याख्याने साळिंदर दाखवतात. आपल्याकडे फणस आहे. अख्ख्या फणसाचे काटे सगळ्या दिशांना बाहेर रोखलेले असतात. मनातल्या मनात देठाकडून साल मोकळी करा आणि काटे तसेच ठेवून ती जमिनीवर गोल पसरा. मधोमध फणसाचा तळ येतो, तिथला काटा खाली रोखलेला. कडेला देठाजवळचे काटे, ते वर. मधले सगळे आडवे, आपापल्या बाजूला बाहेर वळलेले. हा झाला नील जातीचा स्कर्मियॉन (नील हे शास्त्रज्ञाचं नाव, रंग नव्हे). काट्यांऐवजी अणूंची चुंबकी दिशा समजा.

काट्यांनी दिशांचा अख्खा गोल किती वेळा झाकला, हा आकडा म्हणजे टोपोलॉजिकल चार्ज. स्कर्मियॉनसाठी तो एक, अधिक किंवा उणा. पातळ चकतीतला व्होर्टेक्स निम्माच गोल झाकतो : सगळे बाण आडवे, वर्तुळात फिरणारे, फक्त गाभ्यात वर किंवा खाली. त्याचा आकडा अर्धा. स्कर्मियॉनच्या पोटात उलटा स्कर्मियॉन घातला की स्कर्मियोनियम, बेरीज शून्य. ड्रॉपलेट हा आणखी एक नातेवाईक. प्रवाह आहे तोवर जगतो, बंद केला की विरघळतो. २०१३ मध्ये तो प्रयोगात दिसला. या सगळ्या गोतावळ्याला मिळून स्कर्मियॉनसदृश पोत म्हणतात.

इतिहास थोडक्यात. टोनी स्कर्म या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना अणुकेंद्रातल्या कणांसाठी मांडली. चुंबकात असे आकार टिकतील हे १९८९ मध्ये बोगदानोव आणि याब्लोन्स्की यांनी गणिताने दाखवलं. प्रत्यक्ष पुरावा २००९ मध्ये, मँगनीज सिलिसाइडच्या स्फटिकात न्यूट्रॉन सोडून, तोही सुमारे २९ केल्व्हिनच्या थंडीत. पुढच्याच वर्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थेट चित्र मिळालं, आणि २०१५-१६ च्या सुमारास धातूच्या पातळ थरांत, नेहमीच्या तापमानाला ते दिसू लागले. आपलं काम या शेवटच्या जातीचं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. व्होर्टेक्सचे आंदोलक प्रयोगशाळेत उत्तम चालतात. त्यांच्या संकेताची रुंदी, म्हणजे वारंवारता किती फाकते ते, मेगाहर्ट्झच्याही आत आली आहे, आणि २०१७ मध्ये फ्रान्समधल्या गटाने अशा एकाच आंदोलकाला बोललेले अंक ओळखायला लावलं. खऱ्या स्कर्मियॉनच्या आंदोलकाचं बहुतेक काम मात्र अजून गणितात आणि सिम्युलेशनमध्येच आहे. नवख्याला इथे जागा आहे ती यामुळेच.

पहिली पायरी : संगणक

दोन मोफत सॉफ्टवेअर आहेत. म्यूमॅक्स-थ्री हे बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचं. त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते भराभर चालतं. ओओएमएमएफ हे अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचं. जुनं, भरवशाचं, साध्या प्रोसेसरवर चालणारं, पण सावकाश. कार्ड नसेल तर म्यूमॅक्स गूगल कोलॅबवर चालवता येतं, माझे निम्मे विद्यार्थी तसंच करतात. चित्रं आणि आलेख पायथनमध्ये.

दोन्ही सॉफ्टवेअर एकच समीकरण सोडवतात : लांडाऊ-लिफशिट्झ-गिल्बर्ट. चुंबकन क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखं घुमतं, डँपिंग त्याला हळूहळू क्षेत्राकडे खेचतं आणि स्पिन टॉर्क त्यात ढवळाढवळ करतो. तीन पदं आहेत. कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

कोकणात राहून काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. मृग लागला की विजेचा भरवसा नाही. मी पहिला मोठा रन एका जुलैच्या रात्री लावला होता. पहाटे माडाची झावळी तारेवर पडून वीज गेली आणि नऊ तासांचं काम गेलं. कारण मध्ये एकदाही चुंबकनाची अवस्था फाइलमध्ये साठवायला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून नियम : दर काही नॅनोसेकंदांनी अख्खी अवस्था साठवायची आणि रन तिथूनच पुढे सुरू होतो का, हे आधी एकदा करून बघायचं. संगणकाला यूपीएस हवाच. खारी दमट हवा जोडण्यांना गंज आणते, म्हणून पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवा.

दुसरी पायरी : आकडे, आणि ते स्वतः तपासणं

प्लॅटिनमवर कोबाल्टचा अतिपातळ थर, ही या क्षेत्रातली नेहमीची जोडी. साहित्यात सतत वापरले जाणारे आकडे असे : संपृक्त चुंबकन ५८० किलोअँपिअर प्रति मीटर, एक्स्चेंजचा स्थिरांक १५ पिकोज्यूल प्रति मीटर, उभ्या दिशेची अ‍ॅनिसोट्रॉपी (चुंबकनाचा त्या दिशेकडचा ओढा) ०.८ मेगाज्यूल प्रति घनमीटर, डीएमआय ३ मिलिज्यूल प्रति चौरस मीटर, थराची जाडी ०.४ नॅनोमीटर.

डीएमआय म्हणजे झ्यालोशिन्स्की-मोरिया अन्योन्यक्रिया. एक्स्चेंजला शेजारचे दोन स्पिन समांतर हवे असतात, डीएमआयला ते एकमेकांशी तिरके हवे असतात, आणि तेही ठरावीक बाजूला. इथे पुन्हा शंख आठवा. किनाऱ्यावरचे बहुतेक शंख एकाच बाजूला वळलेले असतात, उलट वळणाचा विरळाच. डीएमआय स्पिनांना असंच एक वळण लावते. प्लॅटिनमसारखा जड धातू खाली असतो आणि वर काहीतरी वेगळं, त्यामुळे थराला वरची आणि खालची बाजू सारखी राहत नाही. वळण येतं ते त्यातून.

आकडे टाकण्याआधी तीन छोटी गणितं वहीत करा. ही पायरी टाळून पुढे गेलेल्या प्रत्येकाला मी मागे आणलं आहे.

पहिलं, एक्स्चेंज लांबी. एक्स्चेंज स्थिरांकाच्या दुपटीला, निर्वात पारगम्यता गुणिले चुंबकनाचा वर्ग याने भागा आणि वर्गमूळ काढा. वरच्या आकड्यांनी सुमारे ८.४ नॅनोमीटर येतात.

दुसरं, भिंतीची रुंदी. भिंत म्हणजे वर आणि खाली रोखलेल्या बाणांच्या भागांमधली सीमा. अ‍ॅनिसोट्रॉपीतून चकतीच्या स्वतःच्या क्षेत्राचा वाटा, म्हणजे निर्वात पारगम्यता गुणिले चुंबकनाचा वर्ग भागिले दोन, वजा करा. ०.८ मधून ०.२१ गेले, उरले सुमारे ०.५९ मेगाज्यूल प्रति घनमीटर. एक्स्चेंज स्थिरांकाला याने भागून वर्गमूळ घेतलं की साधारण ५ नॅनोमीटर. सिम्युलेशन थराचे जे छोटे चौकोन पाडतं, तो एकेक चौकोन या दोन्ही लांबींपेक्षा बराच लहान हवा. मी १ नॅनोमीटर घेतो, २ पर्यंत चालतं. ५ घेतलात तर स्कर्मियॉन चौकोनांच्या फटीत अडकून बसेल आणि तुम्हाला वाटेल की भौतिकशास्त्रच असं आहे.

तिसरं, डीएमआयची मर्यादा. एक्स्चेंज स्थिरांक आणि ते ०.५९ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, गुणिले चार, भागिले पाय. उत्तर सुमारे ३.८ मिलिज्यूल प्रति चौरस मीटर. डीएमआय याच्या वर गेली तर भिंतींना ऊर्जा लागेनाशी होते आणि थरभर नागमोडी पट्टे उमटतात. आपले ३ त्याच्या खाली, पण फार खाली नाहीत. ही चांगली जागा आहे.

एककांची चूक सगळ्यांची होते. मिलिज्यूलचे ३ म्हणजे ज्यूलमध्ये ०.००३. तिथे नुसते ३ लिहिले तर पडद्यावर विस्कटलेला बुद्धिबळाचा पट दिसतो. तसं दिसलं की पहिला संशय एककावर घ्या.

तिसरी पायरी : स्कर्मियॉन शांत बसवा

१०० नॅनोमीटर व्यासाची चकती घ्या (हाच आपला मोकळा थर), १२८ गुणिले १२८ चौकोनांच्या जाळ्यात. दोनचा घात असलेली संख्या घेतली की हिशोब वेगाने होतो. म्यूमॅक्समध्ये नील स्कर्मियॉन मांडायचं तयार फंक्शन आहे. तो मधोमध ठेवा आणि प्रवाह, तापमान, बाहेरचं क्षेत्र सगळं शून्य ठेवून अवस्था निवू द्या.

तीन गोष्टी बघा. स्कर्मियॉन टिकला का? त्याचा व्यास किती? आणि बाणांचं वळण तुम्ही मांडलं तेच राहिलं का? डीएमआयच्या चिन्हाशी वळण जुळत नसेल तर तो आकसून नाहीसा होतो, नाहीतर स्वतःला उलटवून घेतो. हे एकदा मुद्दाम करून बघा. चिन्हाची चूक डोळ्यांनी ओळखायला यातूनच येते.

टोपोलॉजिकल चार्ज छापून घ्या. नेमका १ येणार नाही, आणि घाबरायचं कारण नाही : डीएमआयमुळे चकतीच्या कडेचे बाण थोडे कलतात आणि त्यांचा वाटा बेरजेत शिरतो. आकडा वहीत लिहा. पुढे कधीही तो धाडकन शून्याजवळ आला तर स्कर्मियॉन मेला, मग आलेख कितीही सुंदर डोलत असो.

ही पायरी जमेपर्यंत प्रवाहाला हात लावू नका. यामागे एक जुनं, आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या प्रवाहांनी नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली, अचुंबकी साहित्य वापरून. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जुळवता यावी. सुमारे ४० मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रातले बारीक चढउतार मोजायचे तर आधी आजूबाजूचं सगळं शांत करायला हवं, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. सिम्युलेशनमध्ये शांतता फुकट मिळते. ती वापरा आणि एका वेळी एकच गोष्ट चालू करा.

चौथी पायरी : प्रवाहाशिवाय सूर ऐका

हा टप्पा लोक गाळतात. मला तो सगळ्यात आवडतो.

स्कर्मियॉन मध्यापासून १० नॅनोमीटर सरकवून ठेवा, डँपिंग ०.०१ इतकं कमी करा आणि सोडा. तुमची अपेक्षा असेल की कड त्याला ढकलते आहे, तर तो सरळ मध्याकडे जाईल. तसं होत नाही. तो आडवा निघतो आणि मध्याभोवती फेऱ्या मारत, हळूहळू घेरा कमी करत आत येतो. टोपोलॉजिकल चार्ज असलेल्या पोताला ढकललं की तो ढकललेल्या दिशेशी काटकोनात पळू बघतो. याला मॅग्नस बल म्हणतात, आणि सगळा आंदोलक याच स्वभावावर उभा आहे. ध्रुवता, म्हणजे गाभ्यातल्या बाणाची वर-खाली दिशा, उलटी करून पुन्हा सोडलात तर फेऱ्या उलट्या दिशेने पडतात.

म्यूमॅक्समध्ये अशा बुडबुड्याचं, म्हणजे आपल्या स्कर्मियॉनचं, स्थान नोंदवायची सोय आहे, ते दर १० पिकोसेकंदांनी लिहून घ्या. चकतीच्या सरासरी चुंबकनावर विसंबू नका, त्यातला बदल फार बारीक असतो. मग स्थानाच्या आडव्या घटकाचं फूरिये रूपांतर करा. त्यात दिसणारं शिखर म्हणजे तुमच्या चकतीतला स्कर्मियॉनचा नैसर्गिक सूर.

इथे एक हिशोब पक्का ठेवा. वारंवारतेतला सर्वांत लहान फरक जो दिसू शकतो तो एकूण वेळेच्या व्यस्त असतो. ५० नॅनोसेकंदांच्या रनमध्ये २० मेगाहर्ट्झ, २०० नॅनोसेकंदांच्या रनमध्ये ५ मेगाहर्ट्झ. लहान रन काढून "वारंवारता प्रवाहाने बदलत नाही" असा निष्कर्ष लिहिलेला अहवाल माझ्याकडे आला होता. बदलत होती, पण मोजपट्टीच्या खुणा त्या बदलापेक्षा दूर होत्या.

पाचवी पायरी : आता फुंकर

पक्क्या थराची दिशा कशी ठेवायची, यावर सगळं अवलंबून आहे.

ती चकतीच्या प्रतलात एकाच बाजूला ठेवली तर स्कर्मियॉन एका दिशेने सरकतो, कडेपाशी जाऊन थांबतो किंवा बाहेर पडतो. आंदोलन नाही. ती सगळीकडे उभी ठेवली तर तो मुख्यतः फुगतो किंवा आकसतो. २०१६ मध्ये न्यू जर्नल ऑफ फिजिक्समध्ये आलेल्या एका प्रारूपात पक्का थरच व्होर्टेक्ससारखा गोल फिरणाऱ्या दिशांचा घेतला आहे. त्यामुळे स्कर्मियॉन चकतीत कुठेही असला तरी त्याला मिळणारा रेटा त्या जागेप्रमाणे वळतो आणि फेरी चालू राहते. सुरुवातीला हेच प्रारूप करा. त्यासाठी चकतीचे घावनाच्या तुकड्यांसारखे सोळा-बत्तीस भाग पाडा आणि प्रत्येक भागात पक्क्या थराची दिशा थोडी थोडी वळवत न्या.

स्थिर फेरीत दोन वेगळे ताळे जमतात आणि ते वेगळे ओळखता येणं ही या विषयाची किल्ली आहे. त्रिज्येच्या दिशेने : कडेचा आत ढकलणारा रेटा आणि मॅग्नस बल एकमेकांना तोलतात, त्यातून वारंवारता ठरते. फेरीच्या दिशेने : डँपिंग जेवढी ऊर्जा खातं तेवढी स्पिन टॉर्क भरून काढतो, त्यातून फेरीची त्रिज्या ठरते. प्रवाह वाढवला की त्रिज्या वाढते, कड जवळ येते, तिचा रेटा वाढतो आणि मग त्या वाटेने वारंवारताही बदलते. थीलचं १९७३ चं समीकरण हेच दोन ओळींत सांगतं. ते मिळवून वाचा.

प्रवाह घनता १० च्या १० व्या घातापासून, अँपिअर प्रति चौरस मीटर, हळूहळू चढवा. १० चा ११ वा घात म्हणजे १०० नॅनोमीटर चकतीतून सुमारे ०.८ मिलिअँपिअर. आकडा लहान वाटतो, पण घरातल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून १५ अँपिअर गेले तरी घनता १० च्या ७ व्या घाताइतकीच असते. म्हणजे आपण दहा हजार पट दाटीने इलेक्ट्रॉन ढकलतो आहोत. प्रत्यक्ष उपकरण गरम होतं ते यामुळे, आणि म्हणून कमी प्रवाहात सूर धरणारी रचना शोधणं हा खरा प्रश्न आहे.

प्रवाहाची दिशा चुकली तर फेरी उलट लवकर निवेल. चिन्ह बदला. बरोबर असेल तर शंखाचे तिन्ही टप्पे दिसतील. खालच्या प्रवाहात स्कर्मियॉन घिरट्या घालत मध्याला परत येतो. उंबरठा ओलांडला की कायमची फेरी धरतो. फार वाढवलात तर कडेवर आदळून नाहीसा होतो, त्या क्षणी चार्जचा आकडा कोसळतो. प्रत्येक प्रवाहाला पहिले २०-३० नॅनोसेकंद टाकून द्या, ती फक्त घडी बसण्याची धडपड असते. उरलेल्यातून त्रिज्या आणि वारंवारता काढा.

सहावी पायरी : एकेक खरेपणा आणा

आतापर्यंतची चकती आदर्श होती. आता पुढच्या गोष्टी एकेक करून घाला.

प्रवाहाचं स्वतःचं गोल क्षेत्र : १० च्या ११ व्या घाताला, चकतीच्या कडेवर सुमारे ३ मिलिटेस्ला. अलिबागला मोजतात त्या क्षेत्राच्या काही दहापट, म्हणजे सोडून देण्याजोगं नाही.

तापमान : शून्य केल्व्हिनला शिखर सुईसारखं बारीक दिसतं, आणि तो आकडा कुणाला सांगू नका. ३०० केल्व्हिन द्या, यादृच्छिक बीज बदलून किमान दहा रन काढा, मग संकेताच्या रुंदीबद्दल बोला.

थरातले दोष : खरा थर कणाकणांचा असतो. अ‍ॅनिसोट्रॉपी जागोजागी थोडी बदलून बघा. उंबरठा किती सरकतो, फेरी अडखळते का, हे पाहण्यात खरा रस आहे.

डँपिंग : ०.०१ शिकण्यासाठी ठीक. प्लॅटिनमला चिकटलेल्या अतिपातळ कोबाल्टला ते कितीतरी जास्त असतं, याच आकड्यांच्या संचासोबत ०.३ सुद्धा वापरलेलं दिसेल. डँपिंग वाढवा आणि उंबरठा कुठे जातो ते बघा. उत्साहाला थोडा धक्का बसेल, पण तो बसायला हवा.

आणि एक गैरसमज काढून टाका. "टोपोलॉजीने रक्षिलेला" म्हणजे अमर नव्हे. ते संरक्षण अखंड, अमर्याद पृष्ठभागाच्या गणितात आहे. खऱ्या थराला कडा आहेत, अणूंमध्ये अंतर आहे, म्हणून मर्यादित ऊर्जेचा बांध ओलांडून स्कर्मियॉन मरू शकतो आणि मरतो. तुमच्या सिम्युलेशनमध्ये तो कुठून आणि कसा जातो, हे चित्रफितीत थांबवून पाहिलंत तर शंभर पानं वाचण्याइतकं शिकाल.

मग प्रयोगाकडे

प्रत्यक्ष खांब घडवायला स्पटरिंगचं यंत्र, इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफी, प्रोब स्टेशन आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर लागतात. किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांसाठी सर्वांत जवळचं ठिकाण पवई. तिथल्या आयआयटीतले अश्विन तुळापूरकर हे स्पिन-टॉर्क डायोड परिणामावरच्या २००५ मधल्या शोधनिबंधाचे पहिले लेखक. त्या परिणामात आंदोलकाच्या उलट घडतं : मायक्रोवेव्ह आत, डीसी व्होल्टेज बाहेर. इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम या सरकारी योजनेतून बाहेरच्या महाविद्यालयांतल्या लोकांनाही अशा संस्थांमधल्या सुविधा वापरायला आणि शिकायला मिळतात. अर्ज करताना "मला स्पिनट्रॉनिक्समध्ये रस आहे" असं लिहू नका. एक आलेख जोडा : आडव्या अक्षावर प्रवाह घनता, उभ्या अक्षावर वारंवारता, ३०० केल्व्हिनला, दोषांसह. खाली तीन ओळी लिहा : उंबरठा कुठे आला, फेरी कुठे तुटली आणि कोणता आकडा तुम्हाला अजून पटत नाही.

त्या तिसऱ्या ओळीवर आमच्याकडे पडवीत सगळ्यात जास्त वेळ जातो. परवाच्या शनिवारी अंधार पडेपर्यंत तिघे जण एकाच चित्रावर बसले होते. १६ भागांच्या पक्क्या थरात फेरी थोडी कोनेदार पडते आहे आणि ३२ भागांत गोल होते आहे, मग पहिली वारंवारता किती खरी धरायची, यावर वाद चालला होता. ६४ भागांचा रन लावूनच ते घरी गेले.